जुना मॉडेल रेल्वे लेआउट घरी आला, आता सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी नातेवाइकांकडून ६ बाय ४ फुटांचा तयार लेआउट (रूळ बसवलेला खेळण्यातल्या रेल्वेचा बोर्ड) आला आहे. बारा-तेरा वर्षं माळ्यावर पडून होता. सोबत तीन इंजिनं, चौदा डबे-वाघिणी, दोन कंट्रोलर (रुळांना वीज देणारे, वेग ठरवणारे डबे) आणि बोर्डाखाली वायरींचं जंजाळ. स्केल (खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान) कोणता, सामान कुठल्या देशाचं, काही माहीत नाही. मुलं रोज विचारतात, गाडी कधी धावणार?

धावेल. पण आधी एक कळकळीची विनंती: कंट्रोलरचा प्लग भिंतीत घालू नका, निदान पहिले दोन-तीन दिवस तरी. जुना लेआउट म्हणजे दुसऱ्या माणसाच्या डोक्यातलं सर्किट असतं. कोणती वायर कुठे जाते, कोणता सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा) बंद पडला होता, कोणता स्विच कधीच दाबायचा नाही, हे सगळं त्याला पाठ होतं, म्हणून कागदावर उतरलं नाही. एका चुकीच्या जोडणीत कंट्रोलर, इंजिनाचं वाइंडिंग किंवा सांध्याची कॉइल काही सेकंदांत जळते, आणि या तिन्ही गोष्टी सांगली-साताऱ्यात दुकानात जाऊन मिळत नाहीत. आधी ओळख, मग नकाशा, मग रूळ, मग वीज आणि शेवटी इंजिन, हा क्रम मोडू नका.

हातात काय आलंय ते ओळखा

स्टीलची पट्टी घ्या आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. १६.५ मिमी आलं तर सामान एचओ (१:८७) किंवा ओओ (१:७६) आहे. ९ मिमी आलं तर बहुधा एन स्केल (१:१६०). एचओ आणि ओओ एकाच रुळावर धावतात, म्हणून नुसत्या रुळावरून त्यांच्यातला फरक कळत नाही. फलाटावरच्या माणसांच्या बाहुल्या मोजा. पावणेदोन मीटरचा माणूस एचओमध्ये २० मिमी भरतो, ओओमध्ये २३. ब्रिटिश नमुन्याच्या गाड्यांचं हॉर्नबी, बाकमन असेल तर बहुतेक ओओ. रोको, फ्लाइशमान, पिको असेल तर बहुतेक एचओ. कंपनीचं नाव इंजिनाच्या पोटाखाली सापडतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. रुळांच्या मधोमध, स्लीपरवर बारीक धातूचे ठिपके किंवा मधली तिसरी पट्टी दिसते का? दिसली तर ते मार्कलिन या जर्मन कंपनीचं तीन-रुळी सामान. जुनं असेल तर ते एसीवर चालतं, त्याच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये इन्सुलेशन नसतं, आणि ते डब्याचं चाक साध्या दोन-रुळी ट्रॅकवर ठेवलं की लगेच शॉर्ट. म्हणून चौदाही डबे एकेक करून तपासा: मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बझरवर ठेवा, एक टोक डाव्या चाकाला, दुसरं त्याच आसाच्या उजव्या चाकाला. बीप वाजला तर तो डबा बाजूला. दहा मिनिटांचं काम आहे. पुढचे दोन दिवस वाचतात.

मग लोहचुंबक रुळाला लावून पाहा. चिकटला तर रूळ पोलादाचे आहेत. ते गंजतात, आणि साताऱ्याच्या पावसाळी हवेत तर दर आठवड्याला गंजतात. असा ट्रॅक बदलण्याचीच तयारी ठेवा. चिकटला नाही आणि रंग पिवळा असेल तर पितळ: चालतं, पण त्यावर चढणारा काळपट थर वीज अडवतो, सतत पुसावं लागतं. चिकटला नाही आणि रंग पांढुरका असेल तर निकेल सिल्व्हर, यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात (आपल्याकडची ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियम, त्याच्याशी घोळ नको). हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. रूळ असे निघाले तर निम्मी लढाई जिंकलात. ते पुसले की पुन्हा कामाला लागतात.

कंट्रोलर

मागच्या पट्टीवरचे आकडे वाचा. इनपुट २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तर आपल्या घरच्या विजेवर चालेल, फक्त प्लग बदलावा लागेल. ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो अमेरिकेचा, १०० असेल तर जपानचा. थेट लावलात तर ट्रान्सफॉर्मर धूर काढेल. आउटपुटला दोन जोड्या असू शकतात: ० ते १२ व्होल्ट डीसी रुळांसाठी आणि १६ व्होल्ट एसी सांध्यांच्या मोटरींसाठी. ही एसी जोडी चुकून रुळांना लागली तर साध्या डीसी इंजिनाची मोटर जागेवर गुणगुणत तापते आणि जळते.

मेन्सची वायर कडक झाली असेल, भेगा दिसत असतील तर घरी उघडू नका. मोटार-वाइंडिंगवाल्याकडे न्या आणि सिरीज बल्बवर तपासायला सांगा. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये असताना चांगला ट्रान्सफॉर्मर लावला तर बल्ब जेमतेम लाल होतो किंवा पेटतच नाही. पूर्ण उजेडात पेटला तर आत शॉर्ट आहे. गावोगावच्या वाइंडिंगवाल्याकडे हा बोर्ड असतोच.

आउटपुट तपासायला दुचाकीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणा. तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे एका जुन्या इंजिनाइतका. नॉब फिरवताना बल्ब शून्यापासून सलग उजळत गेला पाहिजे. मध्येच झपकन उडी मारली किंवा विझला तर आतला घासता संपर्क खराब आहे. याच बल्बाला दोन वायरी लावून तो जपून ठेवा, पुढे रोज लागणार आहे.

बोर्ड उलटा करा

वरचं सगळं सुटं सामान काढा, गाद्या अंथरून बोर्ड उभा करा आणि खालची बाजू नीट पाहा. प्लायच्या कडांना बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूडकिडा आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. चौकट बोटांनी वाजवा, भद्द आवाज आला ती पट्टी पोकळ. असा बोर्ड वाचवत बसू नका. रूळ काढून घ्या आणि नव्या ९ किंवा १२ मिमी प्लायवर, खाली दोन बाय एक इंचाची लाकडी चौकट लावून, तोच आराखडा पुन्हा मांडा. प्लाय बीडब्ल्यूपी घ्या, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. एमडीएफ नको, कडेनं ओल शोषली की ते फुगतं आणि रूळ वर उचलतं.

बोर्ड चांगला असेल तर वायरींचे फोटो काढा, आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना कागदी टेप चिकटवून नंबर द्या. मग मल्टिमीटरनं एकेक टोक शोधत कागदावर नकाशा काढा: रुळाकडे जाणाऱ्या वायरी निळ्या पेननं, सांध्याकडे जाणाऱ्या लाल. एक संध्याकाळ जाईल. कोणाला दाखवायचं नाही, पण पुढची वर्षं याच कागदावर काढायची आहेत.

जिन्यातून ६ बाय ४ फुटांचा बोर्ड वर जात नसेल तर कापावा लागतो. कापायची रेषा अशी निवडा की रूळ तिला काटकोनात ओलांडतील, आणि सांध्यामधून ती कधीच जाणार नाही. रूळ कापायला सराफ कट्ट्याजवळ मिळणारी सोनारी करवत उत्तम. कापण्याआधी रेषेच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली पितळी स्क्रू घुसवा आणि रूळ त्यांच्या डोक्यांना डाख देऊन पक्के करा, नाहीतर कापल्यावर टोकं हलतात आणि पुन्हा कधीच जुळत नाहीत.

रूळ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सगळी वाहनं उचललेली, कंट्रोलर सुटा. मल्टिमीटरची टोकं दोन रुळांवर ठेवा. वाचन उघडं आलं पाहिजे. बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो शोधायची सोपी पद्धत म्हणजे अर्धे करत जाणं: गोलाच्या दोन समोरासमोरच्या ठिकाणच्या फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्ट्या) मागे सरकवून गोल दोन तुकड्यांत तोडा, कुठल्या तुकड्यात बीप राहतो ते पाहा, मग त्याचेही दोन भाग करा. चार-पाच फेऱ्यांत नेमकी जागा सापडते. बहुतेकदा ती सांध्याच्या बेचक्याजवळ असते, किंवा खडीत पडलेला एखादा तारेचा तुकडा किंवा खिळा निघतो. एकही दोष सापडला नाही आणि तरी शॉर्ट दिसत असेल तर आराखडा पाहा: एखादा फाटा फेरा घेऊन त्याच रुळावर उलट्या दिशेनं परत येतो का? असा फेरा डावा रूळ उजव्याला जोडतो. तिथे दोन्ही रूळ कापून, प्लास्टिकच्या फिशप्लेट लावून, तो भाग वेगळ्या स्विचवर घ्यावाच लागतो. आधीच्या मालकानं तो स्विच बसवलेला असेल तर तुमच्या नकाशात दिसेलच.

आता सफाई. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळा आणि रुळाच्या माथ्यावरून फिरवा. पहिल्या फेरीत कापड कोळशासारखं काळं होतं. ते पांढरं राहीपर्यंत जागा बदलत पुसा. ६ बाय ४ च्या लेआउटला सहा-सात फेऱ्या लागतात. चिवट डाग राहिले तरच ट्रॅक रबर. सँडपेपर अजिबात नको: त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांत घाण भरते आणि आठवड्यात रूळ पूर्वीपेक्षा काळा पडतो. गंज सोडवायचं स्प्रे तेलही नको, ते मागे चिकट थर ठेवतं.

मग ५ वॅटचा तो बल्ब. कंट्रोलर एका ठिकाणी जोडा, नॉब अर्ध्यावर ठेवा आणि बल्बाच्या दोन वायरी रुळांना लावत गोलभर फिरा. फीडजवळ, म्हणजे कंट्रोलर जोडला तिथे, जितका उजेड तितकाच सर्वात लांबच्या कोपऱ्यात हवा. एखाद्या सांधणीपलीकडे बल्ब मंद झाला तर त्या फिशप्लेट सैल आहेत. बारीक पक्कडीनं हलकेच दाबा. पण कायमचा उपाय एकच: प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर. बोर्डाखाली दोन जाड वायरी फिरवा, १ चौरस मिमीच्या, एक लाल, एक काळी, आणि दर मीटरभर अंतरावर त्यांतून बारीक वायर वर आणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं (कथील-शिशाचं) सोल्डर, राळेचं फ्लक्स. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा म्हणजे स्लीपर वितळत नाहीत. आम्लाचं फ्लक्स वापरलंत तर दोन पावसाळ्यांत डाख हिरवा पडून तुटेल.

रुळाची टोकं एकमेकांना घट्ट भिडवू नका. निकेल सिल्व्हर मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.०१७ मिमी वाढतं. थंडीतल्या पहाटेचा १२ अंश आणि मेच्या दुपारचा ४० अंश धरला तर मीटरला साधारण अर्धा मिलिमीटर होतो. जानेवारीत रूळ मांडत असाल तर तेवढी फट ठेवा. मेच्या उन्हात मांडत असाल तर नको.

सपाटीसाठी १५ सेंमीची स्टीलपट्टी रुळाच्या माथ्यावर उभ्या कडेनं ठेवा आणि पलीकडून टॉर्च धरा. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. गाडी नेमकी तिथेच घसरणार, किंवा त्यापुढच्या सांध्यावर.

सांध्यांचं म्हणाल तर प्रत्येक सांधा हातानं दोन्हीकडे टाका आणि पात्याचं टोक मुख्य रुळाला चिकटतं का ते भिंगातून पाहा. केसाइतकी फट राहिली तरी चाक तिथे चढतं, आणि पात्याला स्पर्शातूनच वीज मिळत असेल तर इंजिन तिथे थांबतंही. आतली बाजू काडीला गुंडाळलेल्या कापसानं पुसा. मोटर कॉइलची असेल तर तिला क्षणभराचा झटका पुरतो. बटण दाबून धरलं की कॉइल जळते. जुन्या लेआउटमध्ये जळालेल्या कॉइलींचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. कपॅसिटर डिस्चार्ज युनिट बसवा (४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा एक कपॅसिटर पुरतो), म्हणजे बटण कितीही वेळ दाबलं तरी कॉइलला एकच झटका मिळतो.

चाकं आणि इंजिन

घसरण्यामागे निम्म्या वेळा रूळ नसतो, चाक असतं. आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा: १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर चाक सांध्याच्या बेचक्यात अडकून उडी मारतं. चाक आसावर किंचित फिरवत फिरवत ओढा, सरळ खेचू नका, म्हणजे ते वाकडं होत नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या सामानाच्या चाकांची कड खोल असते. ती कोड १०० च्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) उंच रुळावर चालते, पण कोड ७५ च्या ट्रॅकवर रूळ धरणाऱ्या खिळ्यांवर ठकठक करत जाते.

इंजिन पहिल्यांदा रुळावर ठेवू नका. उलटं करून मऊ फडक्यावर ठेवा. चाक बोटानं फिरवून पाहायचा मोह होतो. वर्म गिअर (मोटरीच्या आसावरचा स्क्रूसारखा दाता) असेल तर ते हातानं फिरतच नाही, आणि जोर लावला तर दात तुटतो. त्याऐवजी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या आणि तिच्या वायरी दोन बाजूंच्या चाकांना क्षणभर लावा. मार्कलिनच्या इंजिनाला हे करू नका.

फिरलं तर उत्तम. नुसतं थरथरलं तर बहुधा जुनं ग्रीस दगड झालंय. वरचं कवच काढा, गिअरमधलं पिवळं-तपकिरी ग्रीस दात कोरायच्या काडीनं खरवडून काढा, राहिलेलं अल्कोहोलनं पुसा. प्लास्टिकच्या दात्यांना प्लास्टिकला चालणारं ग्रीस, राईच्या दाण्याएवढं. धातूच्या बेअरिंगला शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकानं एक थेंब, त्याहून जास्त नाही. कम्युटेटरवर (मोटरीच्या फिरत्या आसावरचा, ब्रशकडून वीज घेणारा तांब्याचा भाग) तेल गेलं तर कार्बनची भुकटी त्यात मिसळून तिथेच शॉर्ट होतो. कम्युटेटर अल्कोहोलनं पुसा आणि त्याच्या खाचा लाकडी काडीनं मोकळ्या करा. जुन्या उघड्या मोटरीतलं चुंबक मात्र बाहेर काढू नका. चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडी तुकडा लावल्याशिवाय ते काढलं की त्याची ताकद उतरते, आणि मग इंजिन जास्त करंट ओढून तापतं.

करंट मोजण्यासाठी मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा. नवीन बंद मोटर ०.१ ते ०.३ अँपिअर घेते, जुनी उघडी मोटर ०.५ च्या आसपास. मोकळं फिरतानाच आकडा ०.८ च्या वर असेल तर ते इंजिन अजून रुळावर ठेवण्याजोगं नाही. चाकाच्या दर फेऱ्याला एक ‘टक्’ असा आवाज आला तर आसावरच्या गिअरला भेग पडली आहे. चिकटवून ती टिकत नाही, गिअर बदलावाच लागतो. आणि धातूच्या चौकटीवर भेगा, फुगवटे दिसले, बोट लावताच कपची सुटली, तर ते जस्ताच्या मिश्रधातूचं सडणं आहे. त्यावर उपाय नाही. ते इंजिन सुटे भाग काढायला ठेवा.

इंजिनात डीसीसीचा (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत) डिकोडर निघाला तरी घाबरू नका, बहुतेक डिकोडर साध्या डीसीवरही चालतात. उलट लेआउट पुढे डीसीसीवर न्यायचा विचार असेल तर हॉर्नबीच्या जुन्या फीड-तुकड्यातला बारीक कपॅसिटर कापून टाका. तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो.

पहिली धाव

फक्त बाहेरचा गोल चालू करा. सगळे फाटे स्विचनं किंवा वायर सोडून बंद. एकच इंजिन, डबे नाहीत, नॉब एक तृतीयांशावर. दहा फेऱ्या एका दिशेनं, दहा उलट्या. जिथे थबकेल तिथे रुळावर पेन्सिलीनं खूण करा, लगेच दुरुस्त करत बसू नका. वीस फेऱ्यांनंतर खुणा कुठे जमल्यात ते पाहा. एकाच जागी जमल्या असतील तर रूळ दोषी. सगळीकडे विखुरल्या असतील तर इंजिनाची चाकं घाण आहेत. मग एकेक डबा जोडत जा. पाचवा डबा लावल्यावर घसरू लागली तर दोष पाचव्या डब्यातच शोधायचा. वळणांची त्रिज्याही मोजून ठेवा. ३७१ मिमीचं पहिल्या क्रमांकाचं वळण छोट्या इंजिनांना पुरतं, लांब बोगींचे डबे मात्र तिथे कोपरा घेताना बाहेर ओढले जातात. त्यांना ४३८ मिमी, आणि शक्य असेल तर ५०५ मिमी द्या.

पावसाळा, पूर आणि खडी

जून ते सप्टेंबर बोर्ड झाकून ठेवा, पण प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून नाही. आतली ओल आतच राहते. जुनी सुती चादर चांगली. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीनचे डबे मऊ पडून वाकडे होतात. कृष्णेकाठी २०१९ चा पूर पाहिलेल्या भागात लेआउट तळमजल्यावर ठेवायचाच नाही. चार कोपऱ्यांना दोर आणि कप्प्या लावून छताला टांगता आला तर सर्वांत बरं.

परदेशी दृश्य काढून आपला मुलूख उभा करायचा असेल तर जुनी खडी कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांच्या साबणानं भिजवा. अर्ध्या तासात फेविकॉल मऊ होतो आणि रूळ अखंड निघतात. नव्या खडीसाठी क्रशरची बारीक कच रव्याच्या चाळणीनं चाळा. खरी खडी सुमारे ५० ते ६५ मिमीची, म्हणजे एचओमध्ये ०.६ ते ०.७५ मिमी. आपला दगड काळा बसाल्ट, पुणे-मिरज मार्गावरच्या आदर्कीच्या घाटातली लाइन अगदी तशीच दिसेल. पण या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. रुळावर टाकण्याआधी कच ताटात पसरा आणि पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून चार-पाच वेळा फिरवा. पिशवीला काळी लव चिकटते. ती उलटी करून झटका. ही लव राहिली तर इंजिनाच्या मोटरीचं चुंबक ती ओढून घेतं आणि आर्मेचर (मोटरीचा फिरता भाग) महिन्याभरात घासलं जातं. मग फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, साबणाचा एक थेंब, ड्रॉपरनं सोडायचं, सांध्याच्या पात्यांपासून दोन बोटं लांब.

एका कोपऱ्यात जागा उरली तर मिरजेची छोटी गाडी जरूर मांडा. पुणे-मिरज लाइन १९७१ पर्यंत मीटर गेज होती, आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट ७६२ मिमी गेजची. ७६२ ला ८७ नं भागलं की ८.७६ येतात, म्हणजे एन स्केलचा ९ मिमीचा रूळ तिला थेट चालतो. एनचे स्लीपर मात्र त्या गेजला फार आखूड आणि फार दाट दिसतात. दर दुसरा स्लीपर कापून काढा आणि त्या जागी २ मिमी रुंद, १८ मिमी लांब लाकडी पट्ट्या रुळाखाली सरकवा.